काळी चार

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा.

वर्षावास सुरू झाला. संध्याकाळी विहारात वंदना, त्रिशरण, पंचशील. गुरुजींनी ग्रंथाचं पहिलं प्रकरण वाचलं. पत्र्यावर पाऊस एवढा की मागे बसलेल्या बायकांना काही ऐकू गेलं नसणार, तरी त्या माना डोलवत होत्या.

शेवटी गाणी. जयंतीचे कार्यक्रम संपल्यापासून मंडळ बसलंच नव्हतं. बाबांनी रचलेलं ओंजळीचं गाणं घेतलं. अंतऱ्यात 'पाणी' शब्दावर वरचा सा धरून ठेवायचा असतो. दोन वर्षं झाली, तिथं माझी दमछाक होते. आज झाली नाही. आवाज सरळ वर गेला आणि उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यशवंत पेटीवर होता, त्याने मान वर केली नाही.

घरी येताना रंजना म्हणाली, "आज आवाज बरा लागला." मी तिच्याकडे बघितलं तर तिने छत्री दुसऱ्या हातात घेतली.

दिवसभर जेटीवर उभा राहून गाड्यांना ओरडून ओरडून बोटीवर चढवतो. सकाळी पाणी मागायलाही आवाज निघत नव्हता. संध्याकाळी तोच गळा तरण्या पोरासारखा कसा गेला? आनंद व्हायला हवा होता.

१३ जुलै, रविवार.

सराव. मी गेलो तेव्हा यशवंत, ढोलकीवाला दीपक आणि यशवंतची पुतणी प्रणाली असे तिघं आत बोलत होते. मी चप्पल काढली आणि बोलणं बंद झालं. दीपक म्हणाला, "या दादा, पाऊस काय म्हणतोय?" पाऊस त्याला दिसत होता.

इतकी वर्षं विहार मी उघडत आलो. जयंतीनंतर यशवंतने चावी मागून घेतली, "तू बोटीवरून दमून येतोस, मी उघडतो." तेव्हा बरं वाटलं होतं.

आजही आवाज सहज लागला. पुन्हा टाळ्या.

१६ जुलै, बुधवार.

एक गोष्ट लक्षात आली. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच खोटी वाटणार नाही.

काळी चार ही माझी पट्टी, म्हणजे पेटीवरची चौथी काळी धरून सा लावायचा. बाबांचीही तीच. आजूबाजूच्या वाड्यांत इतक्या वर कुणी गात नाही, म्हणून आमच्या मंडळाला 'काळी चारवाले' म्हणतात. ढोलकी त्या पट्टीला आणायची म्हणजे दीपक दोरीच्या कड्या ओढून ओढून घामाघूम व्हायचा. आज दोन कड्या सारल्या आणि म्हणाला, "झाली." पावसाळ्यात कातडं सादळतं, उलट जास्त ओढावं लागतं.

यशवंतच्या बोटांकडे बघत बसलो. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत सगळं जागेवर. षड्ज काळी चारवरच. मग?

२२ जुलै, मंगळवार.

वारा फार. दुपारच्या फेऱ्या बंद. दिघीकडच्या गाड्या रांगेत उभ्या, ड्रायव्हर आमच्यावर चिडलेले, वारा जणू आम्हीच सोडला.

उस्मानभाईंच्या टपरीत बसलो. हे पंधरा-वीस वर्षं मस्कतला होते, आता जेटीवर चहा विकतात आणि दिवसभर कव्वाली लावून ठेवतात. त्यांना म्हटलं, आवाज अचानक सुधारला.

"कुणाचा?"

"माझा."

त्यांनी चहा गाळता गाळता थांबून बघितलं. "गौतमभाय, तुमचा गला बसलाय ता आख्ख्या जेटीला म्हाईत हाय. काल तुम्ही 'मागं घे' म्हनलात, तो गाडीवाला फुडं आला."

हसले सगळे. मीही हसलो. ज्येष्ठमधाची कांडी दिली त्यांनी, पैसे घेतले नाहीत. ती चघळत विचार केला, जेटीवर बसलेला गळा विहाराच्या पायऱ्या चढल्यावर उठतो कसा?

३ ऑगस्ट, रविवार.

सराव झाला नाही, यशवंतला ताप. खरा की कसा, कोण जाणे. रंजना म्हणाली, "अहो, तापाचाही संशय घेता आता?"

दुपारभर पडून होतो. जुनं आठवत राहिलं. तिसरीत असताना बाबांच्या गायनपार्टीत कोरसला बसायला लागलो. शाळेत लेझीम, वाडीत कलापथक, पुढे मुरुडच्या एका मंडळात दोन वर्षं, मग परत आपल्या मंडळात. पनवेलला कारखान्यात लागलो होतो. खोलीतली पोरं चांगली होती, पण संध्याकाळी गायला कुणी बसत नसे. पावसाळा संपायच्या आत परत आलो. आई रडली, बाबा संध्याकाळी मला सरावाला घेऊन गेले. माझं शिक्षण म्हणजे ते. एका चटईवर दहा-बारा माणसं, आपापली भांडणं चपलांबरोबर बाहेर ठेवून.

बाबांचा आवाज गेला तो एका जयंतीला. गाता गाता वरच्या साला फाटला. त्यांनी गाणं पूर्ण केलं, खाली उतरले, आणि त्यानंतर गायले नाहीत. कधीच नाही. घरातसुद्धा नाही. कार्यक्रम असला की विहारात शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसत आणि गाणं सुरू झालं की उठून बाहेर जात. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते.

मी पुढच्या महिन्यात पन्नासचा.

६ ऑगस्ट, बुधवार.

मुंबई कमिटीच्या अध्यक्षांचा फोन. नवी पेटी जयंतीला त्यांनीच दिली, म्हणून अधूनमधून तिची तब्येत विचारतात. पेटीची विचारून झाल्यावर म्हणाले, "आश्विन पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी मुरुडला तालुक्याचा कार्यक्रम आहे. तुम्ही आहातच. पण गौतमराव, नवीन आवाजांनाही पुढे आणायला हवं, काय?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

प्रणालीचा आवाज चांगला आहे. मुरुडला क्लासमध्ये शिकवते, मोबाईलवर ऐकून गाणी बसवते. तिला यशवंत सरावानंतर थांबवून घेतो. मी निघालो की आतून पेटी ऐकू येते. म्हणजे मुंबईने सांगितलं, यशवंतने मनावर घेतलं, आणि पेटीला काहीतरी करून ती तिच्या आवाजाची करून ठेवली. माझ्या गळ्याला ती सोपी जाते हा योगायोग.

असं सगळं नीट बसतं. नीट बसतं म्हणूनच पटत नाही.

यशवंत आणि मी एका बाकावर बसून शिकलो. हा माणूस मला फसवेल?

१७ ऑगस्ट, रविवार.

दिघीच्या बाजूला एका वाडीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. म्हातारी गेलेली, मुलाने आग्रहाने बोलावलं होतं. आमची पेटी नेली नाही, पाऊस होता. पेटी त्यांचीच, जुनी.

यशवंतने भाता दाबून बघितला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "ही पेटी वर बोलते रे. पांढरी पाच घेऊ या, एक घर खाली."

"काळी चार."

"गौतम, ऐक."

"काळी चार घे. लोक त्यासाठीच बोलावतात."

'पाणी' वर आवाज फाटला. असा की पुढे बसलेलं पोर आईकडे बघायला लागलं. कोरसने वरून ओळ उचलली, रंजना सगळ्यात जोरात. गाणं निभावलं. म्हातारीच्या मुलाने माझे पाय धरले, "आईला फार आवडलं असतं." मला मेल्याहून मेल्यासारखं.

येताना बोटीवर दीपक म्हणाला, "त्यांची पेटीच खराब." यशवंत पाण्याकडे बघत राहिला. पेटी वाईट असेल तर त्याने तिला शिव्या घालायला हव्या होत्या. एरवी घालतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार.

तीच पट्टी, तोच गळा. आमच्या विहारात जातो, दिघीला फाटतो.

पहाटे वंदनेला बसलो तर चौथ्या शीलावर अडकलो. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. म्हणताना डोळ्यांपुढे यशवंतचा हात. संशय हा मनावरचा पडदा आहे असं गुरुजी वाचतात. पडदा माझ्या मनावर आहे की पेटीवर?

२४ ऑगस्ट, रविवार.

गणपतीची गर्दी सुरू. सकाळी ड्युटीच्या आधी यशवंतकडून चावी आणली, फुलं वाहायची म्हणून. फुलं वाहिली. दिवा लावला. मग पेटीवरचं फडकं काढलं.

पट्ट्यांची सगळी फळीच जागेवरून सरकलेली. एका बाजूला रिकामी फट. मला वाटलं लाकूड फुगलं, नाहीतर उंदराने काही केलं. पट्टी दाबून बघितली, आवाज स्वच्छ. बाजूला एक मूठ आहे, ती ओढली तर फळी आपोआप हलली. म्हणजे ती हलण्यासाठीच केली आहे.

परत होती तिथं सारून ठेवली.

प्रणाली विहाराबाहेर पाणी भरत होती. तिला हाक मारली. अगदी साधेपणाने विचारलं, "बाळा, ही फळी यशवंतने तुझ्यासाठी सरकवली का? तुझ्या पट्टीला?"

"नाही हो काका," ती हसून म्हणाली. "ही तशीच पेटी आहे. फळी सरकवली की तीच पट्टी दाबून सूर खालीवर करता येतो. माझ्यासाठी असती तर वर नेली असती. ही तर खाली आणलीय, दोन घरं." आणि मग तिने हंडा उचलला. "मला उशीर होतोय, काका." अर्धाच भरला होता.

खाली. दोन घरं.

म्हणजे यशवंतचं बोट काळी चारवर, आणि मी गातोय काळी तीनमध्ये. दीपकच्या कड्या. बंद पडणारी बोलणी. टाळ्या.

दिवसभर गाड्या चढवल्या. कुणाला मागे घे म्हणालो, कुणाला पुढे, आठवत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार.

चावी अजून माझ्याकडेच होती. मी सर्वांत आधी पोचलो. फळी जागेवर आणली, फडकं टाकलं आणि चटईवर बसून राहिलो.

सगळे आले. पंचशील घेतलं. चौथं शील म्हणताना मी यशवंतच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने डोळे मिटून, नीट म्हटलं.

त्याने पहिला सूर दाबला आणि हात काढून घेतला. त्याला कळलं. दीपकला कळलं. "भात्याला भोक पडलंय वाटतं," यशवंत म्हणाला, "आज राहू दे."

"भाता बरा आहे," मी म्हटलं. "वाजव."

"गौतम..."

"वाजव रे."

वाजवलं. गायलो. 'पाणी' च्या आधीच कोरस वर आला, रंजनाचा आवाज माझ्या आवाजावर पांघरूण घातल्यासारखा. मी हाताने सगळ्यांना थांबवलं आणि एकट्याने घेतलं. फाटला. आज कुणी टाळी वाजवली नाही. गुरुजी चष्मा पुसत बसले.

म्हणजे रंजनालाही माहीत होतं. म्हणजे सगळ्यांनाच. मी एकटाच भोळा काळी चारवाला.

१ सप्टेंबर, सोमवार.

यशवंत जेटीवर आला. सकाळची शेवटची गाडी चढेपर्यंत खांबाला टेकून उभा होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नवी पेटी आली तवापासून. आधी एक घर. पावसाळ्यात अजून एक."

"कुणी सांगितलं? मुंबईवाल्यांनी? रंजनाने?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? मला कान न्हायत?"

"रोज पंचशील घेतोस. खोटं बोलणार नाही म्हणतोस तोंडाने."

"तोंडाने न्हाय बोललो. बोटांनी बोललो." हसला. मी हसलो नाही.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितला असता तर तू गाना सोडला असतास." मग खाली बघत, "तुझ्या बापाने सोडला तसा. त्यांच्या पेटीवर माझे आबा होते. मरेपर्यंत म्हनत होते, मी एक घर खाली घेतला असता तर. तेव्हा असल्या पेट्या न्हवत्या, पन एक बोट खाली घेता आला असता. तुझे बाबा आयकले नसते म्हनून घेतला न्हाय."

बोट सुटायची वेळ झाली. मी बोटीवर चढलो. दिघीला पोचेपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

हे त्याने आज सांगितलं ते तरी खरं का? आबांनी असं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

१० सप्टेंबर, बुधवार.

सरावाला गेलो नाही. मागच्या बुधवारी आणि रविवारीही नाही. रंजना गेली. परत आल्यावर भाकऱ्या थापताना म्हणाली, "प्रणालीने घेतलं ओंजळीचं."

"बरं झालं."

"काही बरं झालं नाही. वरून गायली, पोरीचा आवाज सुरेख. पण गाणं तुमचं आहे." तवा सरकवला. "मला माहीत होतं, हो. मीच टाळ्या सुरू करायचे. रागवायचं तर रागवा. भिंतीला टेकून बसलेला माणूस मी सासऱ्यात पाहिलाय, नवऱ्यात बघायचा नाही मला."

रागवलो नाही. पण ती टाळ्या वाजवते तेव्हा कशाला वाजवते हे आता मला कधी कळणार?

२१ सप्टेंबर, रविवार.

गुरुजी घरी आले. तालुक्याला नाव कळवायचं आहे, मुख्य गायक कोण. "गौतम, तू वंदना खालच्या पट्टीत घेतोस, ती कुठे कमी पडते, मग गाण्याला वरचीच कशाला लागते?" शिक्षकांची सवय, प्रश्न टाकून चहा पीत बसतात.

म्हटलं, लोक आम्हाला काळी चारवाले म्हणतात.

"लोक मला अजून मारकुटा गुरुजी म्हणतात," ते म्हणाले. "निवृत्त होऊन किती वर्षं झाली."

२८ सप्टेंबर, रविवार.

गेलो. चटईवर बसलो. सगळे माझ्याकडे आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे बघत होते.

मी म्हटलं, "फळी जागेवर आण. माझ्यासमोर."

यशवंतने मूठ ओढली, फळी जागेवर.

"आता पांढरी पाच दे."

कुणी हललं नाही. दीपकने ढोलकी मांडीवर घेतली आणि विचारलं, "दादा, उतरवू?" त्याच्या आवाजात एवढी भीती की मलाच हसू आलं. "उतरव रे बाबा. घाम वाचला तुझा."

इतकं बोलायला किती जड गेलं ते इथंच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. आमच्या घराण्यात पांढरी पाच कुणी मागितली नव्हती.

गायलो. जमलं, पण 'पाणी' वर जोर पडला, काठावरून गेलो. कोरस मध्ये आला नाही, मी सांगून ठेवलं होतं. यशवंत म्हणाला, "अजून एक घर..." मी बघितलं तसा म्हणाला, "न्हाय, न्हाय. पांढरी पाच. तू म्हनशील तसा."

५ ऑक्टोबर, रविवार. मुरुड.

सभागृह भरलेलं. आमचा नंबर तिसरा. आधीच्या मंडळाने बेंजो, कॅसिओ, धूर सोडायचं यंत्रही आणलेलं, त्या धुरात त्यांचा गायकच दिसेना. दीपक म्हणाला, "आग लागलीय काय, पाणी मारू?" प्रणालीला हसू आवरेना.

आमचं नाव पुकारताना निवेदक म्हणाला, "काळी चारवाले." मी माईक घेतला आणि सांगितलं, "आज पांढरी पाच. गळा पन्नाशीचा झाला." लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. ह्या टाळ्या कशाच्या हे मला कळलं.

डोळ्यांवर दिवे. यशवंतचं बोट पांढरी पाचवर, मी बघून घेतलं. पेटीच्या पुढच्या बाजूला आयोजकांनी झेंडूचा हार घातलेला, फळीची फट हाराखाली.

गायलो. आवाज एवढा सहज गेला. 'पाणी' वर जाऊन उभा राहिलो, आणि उतरावंसं वाटेना. बाबांचे शब्द, भरलेलं सभागृह, मागे दहा माणसांचा श्वास. डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी, उभा असतानाच, मनात आलं, मागच्या रविवारी काठावरून गेलो होतो. आज एवढं सोपं कसं?

यशवंतकडे बघितलं. तो छताच्या पंख्याकडे बघत होता.

परत येताना टेम्पोत त्याच्या शेजारी बसलो. "फळी जागेवर होती ना?"

"गाना झाला ना चांगला?"

"ते नाही विचारलं."

"गौतम, तू पांढरी पाच मागितलीस. मी पांढरी पाचवर बोट ठेवला. सगळ्यांनी बघितला."

हे उत्तर नव्हे. रंजना पुढच्या सीटवर होती. पाठ सरळ, मान ताठ, ऐकत असल्यासारखी.

६ ऑक्टोबर, सोमवार.

प्रणालीने गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलंय. खाली लिहिलंय, "काका, माझ्याकडे ॲप आहे, पट्टी कुठली ते लगेच दाखवतं. बघून सांगू का?"

अकराच्या बोटीआधी टपरीत बसून रेकॉर्डिंग ऐकलं. मग पुन्हा एकदा. पाण्याच्या शब्दावर मी उभा आहे, एकटा, आणि कुणी मध्ये येत नाही.

उस्मानभाईंनी आपली कव्वाली बंद करून कान दिला. "कोन गातंय?"

"मी."

"खरा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. विश्वास बसला नाही त्यांचा. म्हणाले, "परत लावा बगू."

परत लावलं. बोट लागली, गाड्या हॉर्न मारायला लागल्या, तरी संपेपर्यंत बसलो.

प्रणालीला उत्तर दिलेलं नाही.